पीएचडीचा फॉर्म सगळ्यात शेवटी भरा: न्यूरोसायन्स, इंजिनीअरिंग, हेल्थच्या रिसर्चसाठी कोल्हापुरातनं निघणाऱ्यांना

दिवाळीत घरी आलो की राजारामपुरीत चहाला बसल्यावर कोण ना कोण तरी विचारतंच, "दादा, पीएचडीला कुठला फॉर्म भरायचा?" आणि दरवेळी मी तेच सांगतो, की बाबा फॉर्म हा सगळ्यात शेवटचा विषय आहे. आधी प्रश्न, मग गाइड, मग पैसा, आणि हे तिन्ही जमलं की फॉर्म. आपल्याकडं बरोब्बर उलटं चालतं. जाहिरात दिसली, फॉर्म भरला, एन्ट्रन्स दिली, नाव लागलं, पेढे वाटले, आणि मग गाइड कोण मिळतोय बघू, विषय सर देतील, फेलोशिपचं नंतर बघू. मीही असाच एका ठिकाणी अडकलो होतो. गाइडचा विषय वेगळा, लॅबमध्ये मशीन नाही, खिशात दमडी नाही, आणि दीड वर्षानं रजिस्ट्रेशन कॅन्सल करून बाहेर पडलो.

मी स्वतः इथलाच. बीई इलेक्ट्रॉनिक्स कोल्हापुरात, मग दोन वर्षं प्रोजेक्टवर नोकरी, मग बंगळुरूला मेंदूच्या सिग्नलवर पीएचडी. त्यामुळं जे लिहितोय ते मेंदू, मशीन आणि माणसाचं आरोग्य ही तिन्ही जिथं एकत्र येतात त्या भागाबद्दल. केमिस्ट्री किंवा इतिहासवाल्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

पहिलं काम: प्रश्न शोधा

"मला न्यूरोसायन्समध्ये करायचंय" हा प्रश्न नाही, ती नुसती इच्छा झाली. प्रश्न कसा असतो ते सांगतो. माझी आजी पंचगंगेच्या घाटाकडं चालत जायची, आणि वाटेत कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला थांबायची. चालत चालत बोलायची नाही, थांबून बोलायची. आम्हाला वाटायचं गप्पांची हौस. नंतर वाचनात आलं की म्हातारपणी चालणं आणि बोलणं ही दोन कामं एकदम करताना मेंदूवर ताण येतो, आणि बोलायला जी माणसं थांबतात ती पुढं कधीतरी तोल जाऊन पडण्याची शक्यता जास्त असते, यावर डॉक्टर लोकांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवलंय. मग माझा प्रश्न झाला, त्या थांबायच्या क्षणाला मेंदूत काय होतं ते चालता चालता मोजता येईल का? यात न्यूरोसायन्स आलं, सेन्सर आणि सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे इंजिनीअरिंग आलं, आणि पडून खुबा मोडणं हा हेल्थचा विषय आला. असा प्रश्न असला की तुम्ही तीनही दारं ठोठावू शकता.

आपल्या आजूबाजूला असे प्रश्न ढिगानं पडलेत. शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात, गारठ्यात बोटं पांढरी पडतात, हा कंपनामुळं नसा आणि रक्तवाहिन्यांना होणारा आजार आहे, तो लवकर ओळखणारं स्वस्त मशीन करता येईल का? ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या कंबरेवर नेमका किती भार येतो? पक्षाघात झालेल्या माणसाला गावात फिजिओथेरपिस्टच नसेल तर घरच्या घरी हाताचा व्यायाम कसा मोजायचा? प्रश्न एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि तो ऐकून तुमच्या काकांना पण कळलं पाहिजे, एवढी परीक्षा पुरे.

प्रश्न सुचला की लगेच गाइड शोधू नका, तीन महिने स्वतः हात घाण करा. लॅब लागत नाही, लॅपटॉप लागतो. फिजिओनेट म्हणून साइट आहे, ओपन न्यूरो म्हणून आहे, तिथं मेंदूचा, हृदयाचा, चालण्याचा खरा डेटा फुकट मिळतो. मी बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातला फिट्सच्या पेशंटचा ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजलेली मेंदूची वीज) डेटा उतरवून घेतला होता, सीएचबी-एमआयटी नावानं तो फिजिओनेटवर आहे, सेकंदाला २५६ वेळा मोजलेला. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि त्यातली मेंदूच्या सिग्नलसाठीची एमएनई नावाची लायब्ररी घेऊन बसलो.

आता इथं माझी फजिती ऐका. ईईजीचा सिग्नल म्हणजे मायक्रोव्होल्टमधला कारभार, आणि भिंतीतली वीज २३० व्होल्टची, तिची घरघर सिग्नलमध्ये घुसतेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरींची. पुस्तकात लिहिलेलं की ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर लावा, तो नेमकी तेवढीच लहर कापतो, घरघर जाते. मी लावला. गेली नाही. परत लावला, जोरात लावला, तरी ग्राफवर तो खिळ्यासारखा सुळका तसाच. चार दिवस कोड तपासला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. पाचव्या दिवशी सुळका नेमका कुठं आहे ते आकडा लावून बघितलं, तर ६० वर! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते आणि डेटा बोस्टनचा. मी महावितरणची घरघर बोस्टनमध्ये शोधत होतो. ही गोष्ट पुढं कामाला आली, ती कशी ते मुलाखतीच्या भागात सांगतो.

तीन महिन्यांनी तुम्हाला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे हे काम तुम्हाला पाच वर्षं झेपेल का. दुसरं म्हणजे तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच सोडवलाय का. दुसरं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, प्रश्न थोडा बाजूला सरकवायचा.

परीक्षा कुठली द्यायची

हे डिग्रीवर ठरतं. एमएस्सीवाल्यांना सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. वर्षाला दोनदा असते, जून आणि डिसेंबरच्या नावानं, तारखा मागंपुढं होतात. मज्जासंस्था सिलॅबसमध्ये आहे. बीई, बीटेक, बीफार्म, एमबीबीएस झालेल्यांनाही ही नेट देता येते, हे आपल्याकडं कित्येकांना माहीतच नाही, ५५ टक्के लागतात, आरक्षित वर्गाला सवलत आहे. निकालात आता तीन थर असतात: वरचा जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) म्हणजे दरमहाच्या पैशांसकट, मधला असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीला पात्र, खालचा फक्त पीएचडी प्रवेशापुरता. खालच्या दोन थरातले मार्क पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतात, लक्षात ठेवा.

इंजिनीअरना गेट. फेब्रुवारीत परीक्षा, ऑगस्ट-सप्टेंबरात फॉर्म, स्कोअर तीन वर्षं चालतो. बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे, डेटा सायन्स आणि एआयचा २०२४ पासून. पण माझं मत असं की ज्या विषयात तुमचा हात बसलाय तोच पेपर द्या, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं उगाच बायोमेडिकलच्या नादाला लागू नये, मेंदूवर काम करणाऱ्या बऱ्याच लॅब ईसी (इलेक्ट्रॉनिक्स), सीएस (कॉम्प्युटर), इन्स्ट्रुमेंटेशन सगळं घेतात.

बायोलॉजीत जायचं तर जीबिल्स म्हणून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची परीक्षा असते, साधारण डिसेंबरात, तीच बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेला चालते. ती पाठांतराची परीक्षा नाही. ग्राफ देतात, प्रयोग देतात आणि यातनं काय निघतं विचारतात. बायोटेकवाल्यांना डीबीटीची (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) वेगळी जेआरएफ आहे, बीईटी म्हणतात तिला. डॉक्टर, बीएएमएस, फिजिओ, नर्सिंगवाल्यांना नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पीएचडी आहे.

पीएचडीसाठी साधारण मास्टर्सला ५५ टक्के लागतात, आरक्षित वर्गाला पाच टक्के सूट. चार वर्षांची बॅचलर डिग्री ७५ टक्क्यांनी झाली असेल तर २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाप्रमाणं थेट पीएचडीला जाता येतं. एमफिल बंद झालंय, जुन्या सरांचं ऐकून ते शोधत बसू नका.

कुठं काय आहे

नुसत्या मेंदूवर काम करायचं तर हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, डीबीटीची संस्था. एमएस्सी, इंजिनीअर, डॉक्टर सगळ्यांना घेतात. त्याच्या पहिल्या डायरेक्टर विजयालक्ष्मी रवींद्रनाथ, त्यांनीच पुढं बंगळुरूच्या आयआयएस्सीत न्यूरोसायन्स सेंटर उभं केलं आणि नंतर तिथंच सेंटर फॉर ब्रेन रिसर्च. हे ब्रेन रिसर्च सेंटर कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर भागातल्या खेड्यांतली माणसं वर्षानुवर्षं तपासतंय, म्हातारपणात मेंदूचं काय होतं ते बघायला. गावाकडची माणसं घेऊन केवढं मोठं काम उभं राहतं ते बघायचं असेल तर त्यांचे पेपर वाचा.

निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था, पण बंगळुरूलाच. तिथं पेशंट आहेत, मोठी ब्रेन बँक आहे, न्यूरोफिजिओलॉजीपासून क्लिनिकल सायकॉलॉजीपर्यंत विभाग आहेत, एन्ट्रन्स त्यांची स्वतःची. तुम्हाला खऱ्या आजाराजवळ बसून काम करायचं असेल तर याच्याइतकी जागा नाही, फक्त सीटा कमी आणि रांग मोठी.

इंजिनीअर आणि हेल्थ एकत्र हवं असेल तर मी पहिल्यांदा नाव घेईन तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं. हॉस्पिटल आणि मशीन बनवणारी विंग एकाच संस्थेत. देशी बनावटीची चित्रा हृदयाची झडप तिथलीच, पहिल्यांदा १९९० मध्ये पेशंटला बसवली. मुंबई आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग विभाग आहे, बेटिक म्हणून मेडिकल उपकरणांचं सेंटर आहे, शिवाय मोनाश विद्यापीठाबरोबरची जोड-पीएचडी आहे. मद्रास आयआयटीत सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरनं गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा नकाशा काढलाय, ५ हजारांवर पातळ काप स्कॅन करून, इमेज प्रोसेसिंगवाल्यांनी तिकडं बघावंच. पुण्याला आयसर ही विज्ञान संस्था आहे, नवी मुंबईत कॅन्सरसाठी अ‍ॅक्ट्रेक, आणि पब्लिक हेल्थ, लोकसंख्या असा आकड्यांचा नाद असेल तर मुंबईत देवनारला आयआयपीएस.

आणि कोल्हापूर? "इथं काय ठेवलंय" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, तिथं बायोटेक, बायोकेमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स, शिवाय नॅनोसायन्सचं स्कूल आहे. सेन्सर, बायोमटेरियल, औषध शरीरात पोचवणारे कण असला विषय असेल तर घरी राहून चांगलं काम होऊ शकतं. कसबा बावड्याला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मेडिकल आणि रिसर्च सेंटर शेजारी शेजारी आहे. सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला पेशंटचा लोंढा आहे. पण स्पष्ट बोलायचं तर माणसाच्या मेंदूवर मूलभूत काम, म्हणजे एमआरआय मशीनवर रिसर्चचा वेळ मिळणं वगैरे, त्यासाठी बाहेर जावं लागेल. मधला रस्ता पण आहे: गाइड इथला, को-गाइड बाहेरचा, दुसऱ्या संस्थेतला को-गाइड घ्यायला नियमात परवानगी आहे. इंजिनीअरिंगचा गाइड आणि डॉक्टर को-गाइड ही जोडी तर माझ्या मते सगळ्यात भारी, दोघं एकमेकांशी बोलत असतील तर!

गाइड. इथं घाई केली तो संपला

संस्थेचं नाव लग्नपत्रिकेत छापायला चांगलं असतं, पाच वर्षं तुम्ही काढणार एका माणसाबरोबर. त्यामुळं मुलगी बघायला जाताना आपल्याकडं जेवढी चौकशी करतात त्याच्या दुप्पट करा.

पहिल्यांदा शोधगंगा उघडा. देशभरातले थेसिस तिथं असतात. गाइडच्या नावानं शोधा, किती विद्यार्थी पास झाले, विषय काय, रजिस्ट्रेशन कधीचं आणि थेसिस कधीचा. सगळ्यांना सात-आठ वर्षं लागलेली दिसली तर विचार करा. मग गूगल स्कॉलर आणि पबमेडवर मागच्या तीन वर्षांतले पेपर बघा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का सगळीकडं सरांचंच? पेपर बऱ्या जर्नलमध्ये आहेत का पैसे भरून आठ दिवसात छापणाऱ्यांकडं? यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झालीय, त्यामुळं "लिस्टमधलं आहे" हे कारण आता चालत नाही, जर्नल स्वतः ओळखायला शिकायला लागतंय.

नियमानं प्रोफेसरला एकावेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. सीट रिकामी आहे का ते आधी विचारा. आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे न बघता माझ्या एका दोस्तानं एका सरांच्या मागं सहा महिने घालवले. सर पण बिचारे भिडस्त, नाही म्हणाले नाहीत.

आता ईमेल. "आदरणीय सर, मी हुशार आणि मेहनती विद्यार्थी आहे, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायची तीव्र इच्छा आहे" असले ईमेल त्यांना रोज वीस येतात आणि कोण वाचत नाही. माझ्या ज्या ईमेलला उत्तर आलं त्याचा मतलब मराठीत असा होता:

"मॅडम, तुमचा चालताना मोजलेल्या ईईजीवरचा पेपर वाचला. पाऊल पडताना जो धक्का बसतो तो सिग्नलमधनं कसा काढला ते मी ओपन डेटावर करून बघितलं. हळू चालणाऱ्यांत जमलं, भरभर चालणाऱ्यांत मानेच्या स्नायूंचा सिग्नल राहतोच. ग्राफ जोडलाय. माझी कुठं चूक होतेय का, की हे असंच असतं? मी कोल्हापूरचा, बीई इलेक्ट्रॉनिक्स, गेट झालंय. पुढच्या वर्षी तुमच्याकडं जागा असेल का?"

बास. आठ ओळी, एक ग्राफ, एक खरा प्रश्न. दोन दिवसात उत्तर आलं की असंच असतं, आम्हाला पण तोच त्रास आहे. असे ईमेल एकदम पन्नास जणांना पाठवता येत नाहीत, महिन्याला चार-पाच होतात, तेवढे पुरतात. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण, तिसऱ्यांदा नाही.

आणि शेवटी, गाइडशी बोलणं झालं तरी त्यांच्या आत्ताच्या दोन विद्यार्थ्यांना आणि सोडून गेलेल्या एकाला फोन करा. सोडून गेलेला महत्त्वाचा. सर कसे आहेत असं विचारू नका, सगळे "चांगले आहेत" म्हणतात. विचारा की शेवटचा ड्राफ्ट पाठवल्यावर किती दिवसांनी वाचून परत आला? आजारी पडलास तेव्हा काय झालं? मशीन बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कोण देतं? घरची कामं, पोराची ट्यूशन, कॉन्फरन्सचे बॅनर लावणं यात आठवड्याचे किती तास जातात? चौथ्या प्रश्नावर समोरचा नुसताच हसला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैसा

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलोशिप) ४२,०००, हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्यावर घरभाडं, ते शहराप्रमाणं, पुणे-मुंबई-बंगळुरूला जास्त टक्के, कोल्हापूर दुसऱ्या वर्गात. पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) मिळाली तर चंगळ, ७०,००० पासून सुरू होऊन शेवटी ८०,००० आणि वर्षाला २ लाख रिसर्चला. ती सगळीकडं नसते, ठरावीक मोठ्या संस्थांतच. एमएस्सीला विद्यापीठात पहिला नंबर असेल तर डीएसटीची (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) इन्स्पायर फेलोशिप बघा, आपल्या विद्यापीठातले टॉपर कधीकधी हे विसरूनच जातात आणि बँकेच्या परीक्षा देत बसतात.

राज्याच्या फेलोशिप: सारथी मराठा-कुणबी समाजासाठी (उपकेंद्र कोल्हापुरातच आहे), बार्टी अनुसूचित जातींसाठी, महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास वर्गासाठी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. केंद्राच्या पण एससी, एसटी, ओबीसींसाठी वेगळ्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत. यांच्या जागा, अटी, जाहिरातीची वेळ बदलत राहते आणि बहुतेक ठिकाणी आधी रजिस्ट्रेशन पक्कं झालेलं लागतं. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. आणि पैसे वेळेवर येतीलच यावर विसंबू नका. कुठलीही फेलोशिप असो, सुरुवातीचे सहा महिने कागद फिरण्यात जातात, तेवढ्या जेवणाखाण्याची, भाड्याची सोय आधी करून ठेवा. माझ्या रूममेटचे अकरा महिने अडकले होते, शेवटी एकदम आले, तोपर्यंत त्यानं माझ्याकडनं, मेसवाल्याकडनं आणि गावातल्या पतसंस्थेतनं असे तीन ठिकाणचे पैसे उचललेले.

जेआरएफ नसेल तर सगळं संपलं असं नाही. एखाद्या चालू प्रोजेक्टवर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागा. जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर कोपऱ्यात असते, मुदत दहा-पंधरा दिवसांची असते आणि थेट मुलाखत असते. पगार मिळतो, काम शिकायला मिळतं, गाइडला तुम्ही कळता आणि तुम्हाला गाइड कळतो. माझी ती दोन वर्षं घरच्यांच्या लेखी वाया गेलेली, पण पीएचडीतली निम्मी शहाणपणं मी तिथंच शिकलो.

नोकरी करत पार्ट-टाइम पण करता येते, मालकाचं ना हरकत पत्र लागतं. कॉलेजात शिकवणारे करतात. प्रयोगाचा विषय असेल तर जड जातं, डेटावरचा असेल तर निभतं.

बाहेरच्या देशात

थोडक्यात सांगतो, कारण यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत बॅचलरनंतर थेट पीएचडीला जाता येतं, फी माफ होऊन वर पैसे मिळतात, अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. जर्मनीत मॅक्स प्लांकच्या आंतरराष्ट्रीय रिसर्च स्कूल आहेत, न्यूरोसायन्सच्या पण, अर्ज नोव्हेंबर ते जानेवारी. युरोपात मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क सगळ्यात चांगलं, रीतसर पगारी नोकरी असते, जागा युराक्सेस साइटवर येतात. तिथं एक अट आहे: मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे आपण कोल्हापुरात बसलोय हा चक्क फायदा!

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पीएचडीलाही चालते. शाहू महाराजांनी १९२० मध्ये बाबासाहेबांना लंडनला परत जाऊन शिक्षण पुरं करायला मदत केली होती, त्या गावची ही पोरं, आणि त्यांनाच ही शिष्यवृत्ती उशिरा कळते. इथं पीएचडीला रजिस्टर झाल्यावर सहा ते नऊ महिने अमेरिकेला जायची फुलब्राइट-नेहरू फेलोशिप पण आहे, म्हणजे इकडं केली तर तिकडचं दार बंद झालं असं नाही.

पासपोर्ट आणि ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच काढा. तीन सरांची शिफारसपत्रं लागतात, त्यांना महिनाभर आधी सांगा आणि तुमचं काम एका पानावर लिहून द्या, नाहीतर "कष्टाळू व सुस्वभावी" एवढंच लिहून येतं.

मुलाखत

मुलाखतीत माहितीपेक्षा तुम्ही अडल्यावर काय करता ते बघतात. माझ्या मुलाखतीत विचारलं, ईईजीतनं विजेची घरघर कशी काढशील? मी ५० हर्ट्झचा नॉच म्हणालो आणि लगेच बोस्टनची फजिती सांगितली. पाचही जण हसले, वातावरण सैल झालं, आणि त्यातल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "बरं, ५० ला नॉच लावलास, मग मेंदूचं काय गेलं?" मी गप्प. मग म्हणालो की सर, मेंदूच्या गॅमा लहरी ३० हर्ट्झच्या वर असतात, ५० च्या आसपास जे खरं असेल ते पण जाणार. "मग?" मग मला येत नव्हतं, तर म्हणालो येत नाही, पण दोन्ही करून बघेन, नॉच लावून आणि न लावता, आणि फरक कुठं पडतो ते बघेन. तेवढं पुरलं.

"माहीत नाही" म्हणायला शिका, पण त्याच्यापुढं एक "पण" पाहिजे. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, थांबत बोला, बोर्डावर चित्र काढा. स्वतःच्या बीईच्या प्रोजेक्टवर दहा प्रश्न येतात, तो दुसऱ्याकडनं करून घेतलेला असेल तर तिथंच कळतं.

रजिस्ट्रेशन झाल्यावर

यूजीसीच्या नियमानं पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची, त्यावर दोन वर्षं वाढवून मिळतात, महिला आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, हे पोरींनो सासरच्यांना छापून दाखवा. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, मग दर सहामाहीला कमिटीपुढं प्रेझेंटेशन. पेपर छापल्याशिवाय थेसिस देताच येत नाही असं आता यूजीसी म्हणत नाही, पण संस्था आपापली अट घालू शकतात, पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्या.

माणसांवर काम असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय एक सुद्धा रीडिंग घ्यायचं नाही. याला महिने लागतात. कोर्सवर्क संपल्यावर अर्ज करू असं ठरवलं तर वर्ष गेलं समजा, कोर्सवर्क चालू असतानाच कागद घाला. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) आधी नोंदणी. प्राण्यांवर असेल तर त्यांची वेगळी कमिटी.

माझा निम्मा डेटा मी करवीर तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा घेतलाय, बॅगेत मावणारं ईईजी घेऊन. दोन गोष्टी कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. पहिली म्हणजे तेल. आपली म्हातारी माणसं डोक्याला खोबरेल थापून येतात, आणि तेलावर इलेक्ट्रोड बसत नाही, जेल घाला नाहीतर घासा, विजेचा रोध खाली उतरतच नाही. निरोप पाठवला तरी पाहुणे येणार म्हणून उलट जास्त तेल लावून, विंचरून येणार. शेवटी मी शाम्पूच्या पुड्या आणि टॉवेल सोबत ठेवायला लागलो आणि अंगणातच डोकी धुवायचो.

दुसरी म्हणजे संमतीपत्र. ते माणसाला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं, आणि मी मोठ्या हौसेनं शुद्ध मराठीत लिहिलेलं, "मेंदूतील विद्युत तरंगांचे मापन". एका आजींनी नातवाकडनं वाचून घेतलं आणि मला विचारलं, "शॉक बसंल का रं?" मागचे चौघं तेवढ्यानंच उठून गेले. कमिटीकडं सुधारित अर्ज घातला, सहा आठवडे थांबलो, आणि ते वाक्य बदलून घेतलं: "हे मशीन डोक्यात काही सोडत नाही, डॉक्टर नाडी बघतात तसं नुसतं बघतं."

आजी परत आल्या. पुन्हा तेल लावून.